कड्यावरचे बी

रुईचे फळ पिकून फुटले की रेशमी झुपक्याचे बी वाऱ्यावर निघते. मुले त्याला ‘म्हातारी’ म्हणतात आणि तिच्यामागे धावतात. आमच्या चेंबूरला, पडीक जागेत, ही रुई अजून दिसते. तिचीच एक दूरची बहीण सह्याद्रीच्या कड्यांवर राहते. तिचे बीही अशीच म्हातारी होऊन उडते. पण रुई गावोगाव पसरली, आणि ही बहीण साऱ्या जगात महाराष्ट्रातल्या मोजक्या डोंगरांवरच आढळते. असे का, ते आज पाहू.

तिचे नाव शिंदळ माकुडी. १८६५ साली डॅल्झेल या वनाधिकाऱ्याने जुन्नरकडच्या या झाडाचे वर्णन प्रसिद्ध केले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्याला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव मिळाले. पुढे शिवनेरी, पुरंदर, वज्रगड येथेही ते दिसले. शत्रूचे पाऊल लागू नये म्हणून जिथे किल्ले बांधले, तिथल्या कड्यावर गुरांचे तोंडही पोचत नाही. हिचे रसाळ खोड गुरे खातात, गुराखीही खातात. म्हणून सपाटीवर ती टिकणे कठीण.

आता बियाकडे वळू. फूल तांबडे-जांभळे, चांदणीसारखे. त्यावर माश्या येतात. पण इथे पराग भुकटीसारखा सुटा नसतो. तो चिमुकल्या पिशव्यांत बांधलेला असतो. ती पिशवी माशीला अडकावी आणि दुसऱ्या फुलाच्या नेमक्या फटीत बसावी, तेव्हा फळ धरते. साहजिकच फुले पुष्कळ, फळे थोडी.

बाभळीचे बी टणक कवचात वर्षानुवर्षे दम धरते. शिंदळ माकुडीच्या गोतावळ्यातले ताजे बी तसे नाही. ऊब आणि ओल मिळाली की थोड्याच दिवसांत ते मोड काढते. म्हणजे उगवणे अवघड नाही, उगवून जगणे अवघड. उघड्या कातळावर पडले, तर पावसाच्या पहिल्या उघडिपीत रोप करपते. पाणी साचले, तर कुजते. चिमूटभर माती असलेली, पाणी निथळणारी फटच त्याला हवी.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ साली पुण्यात सुरू झाले. तेथील शास्त्रज्ञांनी ही वनस्पती वाढवून पुन्हा डोंगरांवर लावली. शेवग्याची फांदी लावावी तसा हिचा तुकडाही रुजतो. मग बियाची चिंता कशाला? कारण तुकड्यातून तेच एक झाड पुन्हा उभे राहते. एका रोगाला एक बळी पडले, तर सारी पडायची. बियात दोन झाडांचा गुण मिसळतो. त्यातले एखादे रोप रोगाला आणि दुष्काळाला पुरून उरते. म्हणून वंश राखायचा तर कड्यावर बीच रुजले पाहिजे.

शिक्षकांनी हे शाळेत दाखवावे. रुईचे बी तीन कुंड्यांत पेरा: एक सतत चिखलात, एक उगवल्यावर कोरडी, एक निथळती ओली. रोपे मुलांना मोजू द्या. मात्र रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. आणि गडावर सहल नेलीत, तर फटीतले झाड कोणाला उपटू देऊ नका. तशी दुसरी फट त्याच्या बियाला सहज सापडत नाही.