मेंदूची मूलपेशी ओळखायची कशी?

भोपाळमध्ये आयसर २००८ साली सुरू झाले आणि एम्स २०१२ साली. इथे जीवशास्त्र शिकायला येणारी, पण मनातल्या मनात अजून मराठीतच विचार करणारी मुले डोळ्यांसमोर ठेवून मी मेंदूच्या मूलपेशी वाढवण्याबद्दल आणि ओळखण्याबद्दल हे पुस्तक लिहिले आहे.

पेशीसंवर्धनाची परंपरा आपल्याला परकी नाही. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे काम करून परतल्या आणि मुंबईत त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. मेंदूच्या मूलपेशींचा विषय मात्र त्या मानाने नवा. जोसेफ ऑल्टमन यांनी १९६० च्या दशकातच जन्मानंतरही मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात असे दाखवले होते, पण त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९९२ मध्ये रेनॉल्ड्स आणि वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या पेशी डिशमध्ये वाढवून दाखवल्या, तेव्हा कुठे वारे फिरले.

वाढवण्याची रीत पुढे सविस्तर येईलच. सीरम नसलेले मीडियम, त्यात ईजीएफ आणि एफजीएफ-२ हे वाढघटक, ३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. काही दिवसांत पेशींचे तरंगते गोळे दिसू लागतात. गोळा फार मोठा झाला की मधला भाग काळवंडतो, कारण आतल्या पेशींपर्यंत पोषण पोचत नाही. त्याआधीच तो फोडून पेशी सुट्या करायच्या. डिश सारखी हलवू नका. शेजारचे गोळे एकमेकांना चिकटतात आणि एक गोळा म्हणजे एकाच पेशीचा वंश हा हिशेबच चुकतो.

खरी कसोटी ओळखण्याची. गोळा झाला म्हणजे मूलपेशी मिळाली असे नाही, कारण तिच्यापासून झालेल्या, थोडेच विभाजन उरलेल्या पेशीही गोळे करतात. नेस्टिन, सॉक्स-२ हे मार्कर उपयोगी आहेत, पण नेस्टिन स्नायूंच्या पूर्वपेशींतही सापडते. जीएफएपी तर प्रौढ मेंदूतल्या मूलपेशींतही असते आणि साध्या अ‍ॅस्ट्रोसाइटमध्येही. म्हणून एकट्या रंगलेल्या चित्रावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. एकाच पेशीपासून वाढलेला वंश पुन्हा पुन्हा गोळे करतो का, आणि वाढघटक काढून घेतल्यावर त्यातून चेतापेशी, अ‍ॅस्ट्रोसाइट आणि ऑलिगोडेंड्रोसाइट हे तिन्ही प्रकार निघतात का, हे पाहायलाच हवे.

या विषयात आलात की आजारी माणसांचे नातेवाईक उपचारांबद्दल विचारतील. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तनिर्मितीच्या मूलपेशींचे मान्य प्रत्यारोपण वगळता बाकी मूलपेशी-उपचार केवळ मंजूर चाचण्यांतच करता येतात. हे त्यांना आडपडदा न ठेवता सांगा.

पहिले प्रकरण गोळे फोडण्याबद्दल आहे. ते वाचताना डिश जवळ असेल तर उत्तम.