विंचवाच्या उताऱ्याची कुळकथा

अकोले तालुक्यातील राजूरपासून घाट उतरून थेट महाडापर्यंत पसरलेल्या डोंगराळ मुलखात, गवताच्या भाऱ्यात वा दगडी बांधात दडलेल्या लाल विंचवाने नांगी मारली की माणसाला प्रथम मांत्रिकाकडे नेत. आणि घाम, ओकारी, गार पडलेले हातपाय व अखेर फुप्फुसांत साठलेले पाणी, या क्रमाने पुष्कळदा तो दगावे. हा क्रम ज्या गोळीने मोडला, त्या प्राझोसिनचे कूळ मात्र विंचवाशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रयोगशाळांत सापडते.

अर्गट हे बुरशीजन्य द्रव्य दिलेल्या मांजराला ॲड्रेनलिन टोचले असता रक्तदाब चढण्याऐवजी उतरतो, हे हेन्री डेल यांनी 1906 साली इंग्लंडमध्ये नोंदविले होते. या विपरीताचा उलगडा 1948 साली अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी केला, तो निव्वळ मोजदादीच्या बळावर: ॲड्रेनलिनच्या जातीची अनेक द्रव्ये घेऊन त्यांनी सामर्थ्याची क्रमवारी लावली, आणि धमन्यांच्या आकुंचनात जी क्रमवारी दिसली तिच्याहून हृदयाची गती वाढताना वेगळीच निघाली, तेव्हा ही द्रव्ये ज्यांवर काम करतात ती शरीरातील ग्राहके अल्फा आणि बीटा अशा दोन जातींची असली पाहिजेत, असा निर्णय त्यांनी दिला. एवढा मूलगामी निबंध औषधशास्त्राच्या नियतकालिकाने परत धाडावा, याची हळहळ आजही वाटते. पुढे रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीची पट्टी पोषक द्रावात टांगून, मात्रा पायरीपायरीने वाढवीत, तिच्या ताणाचे आलेख काढले. अवरोधक औषध घातले की असा आलेख उजवीकडे सरकतो, आणि तो किती सरकला यावरून त्या औषधाचे बळ ठरते.

रक्तदाबासाठी निर्माण झालेले प्राझोसिन हे धमन्या आवळणाऱ्या अल्फा ग्राहकांचे असेच अवरोधक. विंचवाच्या विषाने चेतातंतूंतून नॉरॲड्रेनलिनचा लोट सुटतो, धमन्या आवळतात आणि त्या अडसरापुढे हृदय थकते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांच्या उशाशी बसून ओळखले, म्हणून त्यांना प्राझोसिन दिले, आणि 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये या उपचाराचा वृत्तांत दिला. शेकडा तीसच्या घरातील मृत्यू एकाच्या आसपास आले.

तरीही हिशेब तेथे मिटला नाही. प्रतिविषाची जोड दिल्यास अधिक गुण येतो काय, हे पाहण्यासाठी महाडातच 70 रोग्यांची यदृच्छेने दोन समान गटांत वाटणी झाली. 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या तपशिलानुसार 10 तासांअखेर जोड-उपचाराच्या 35 पैकी 32, तर केवळ प्राझोसिनच्या 35 पैकी 8 रोगी पूर्ण बरे झाले होते, आणि एवढी तफावत निव्वळ योगायोगाने पडणे जवळजवळ अशक्य होते.