जुन्या पातेल्याचा भाव कोण ठरवणार?

मार्च आला की कुरकुंभ एमआयडीसीतली पोरं मला विचारतात, "जुना फ्रिज, भांडी संस्थेला दिली. टॅक्समध्ये किती सूट?" उत्तर एका शब्दात: शून्य.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पुण्यात हजारो संसार वाहून गेले. त्याच वर्षी आयकर कायदा झाला. पुढे त्यात ८०जी कलम आलं, पण सवलत फक्त पैशाच्या दानाला. शेअर्स दान करणाऱ्यालाही सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं.

१९९३ ला किल्लारीसाठी पुण्याहून आपल्याच सोलापूर रस्त्यानं कपडे-भांडी गेली. त्या पुण्याईची नोंद आयकराच्या वहीत नाही. अमेरिकेत देणाराच जुन्या वस्तूला बाजारभाव लावतो. ५०० डॉलरच्या वर गेला की वेगळा फॉर्म. आपल्याकडं वापरलेल्या पातेल्याच्या किमतीचा वादच नको म्हणून सरळ दार बंद.

तेव्हा सूट हवी असेल तर फ्रिज विका आणि पैसे ८०जी नोंदणीच्या संस्थेला चेकनं किंवा यूपीआयनं द्या. २०१७ पासून २,००० च्या वर रोख दिलेलं धरत नाहीत. आणि हे सगळं जुनी करप्रणाली घेतली असेल तरच.

भांडी द्यायचीच तर जरूर द्या. फक्त आपण स्वतः वापरू अशीच द्या, पावतीसाठी नको.