सुरी आमची, शस्त्र त्यांचं



चाकूचा इतिहास लिहितोय म्हटल्यावर आपल्यातलाच एक कार्यकर्ता हसला. म्हणाला, इतिहास म्हंजे महाड, नाशिक, नागपूर. चाकूचा कसला आलाय इतिहास? मला तसं वाटत नाही. कुणाच्या हातात काय द्यायचं आणि काय काढून घ्यायचं हे ज्यांनी ठरवलं त्यांनीच इथं गावं चालवली. पाटी काढून घेतली तसं पोलादही काढून घेतलं. पाटीबद्दल आपण पुष्कळ बोललो. पोलादाबद्दल कमी.

एक गोष्ट आधी साफ करू. आपल्या बापजाद्यांच्या हातात पातं नव्हतं असं नाही. रोज होतं. मेलेलं जनावर ओढून न्यायचं, सोलायचं, त्याला सुरी लागते. चांभाराला रापी लागते. बुरडाला बांबू चिरायला कोयता लागतो, मांगाला घायपात कापायला विळा. गावातलं सगळ्यात धारदार पातं बहुतेक गावकुसाबाहेरच असणार. तरी गावाला त्याची भीती वाटली नाही. ती सुरी मेलेल्या ढोरासाठी आहे आणि ती धरणारा हात जोहार घालणारा आहे, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात धर्मावर संकट आलं तर द्विजांनी शस्त्र घ्यावं असं सांगितलंय. द्विजांनी. लोखंड तेच, भट्टी तीच; पण एकाच्या हातात ते शस्त्र आणि दुसऱ्याच्या हातात अवजार. हा फरक पात्याच्या लांबीने ठरत नव्हता.

महाराच्या हातात आणखी एक वस्तू होती. काठी. घुंगराची काठी आणि खांद्यावर घोंगडी. गावचा सारा तालुक्याला पोचवायचा, शीव राखायची, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळायचं, हे सगळं त्या काठीवर. दुसऱ्याचा खजिना सांभाळायला काठी चालत होती. स्वतःची झोपडी पेटली तर तीच काठी उचलायची सोय नव्हती.

आता कुणी म्हणेल, शिवकाळात गडाच्या घेऱ्यातली राखण महार, रामोशी, बेरड यांच्याकडेच होती, त्यांच्याकडे हत्यारं होती. होती. कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी बंदुका धरलेले महार शिपाई होते, स्तंभावर त्यांची नावं आहेत, बाबासाहेब १९२७ साली तिथं जाऊन आले. मी ते नाकारत नाही. पण पुढचा हिशेब बघा. ज्या इंग्रजाने बंदूक दिली त्यानेच १८९२ साली महारांची भरती बंद केली. त्यांना 'लढाऊ जाती' पाहिजे होत्या. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली लिहिला. काही झालं नाही. मग पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ साली मोडली. दुसरं महायुद्ध आलं, १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. मरायला माणूस कमी पडला की आपल्या हातात बंदूक यायची, आणि काम झालं की परत मागून घ्यायची.

ह्याच काळात सगळ्या देशाच्या हातातलं हत्यार काढून घेणारा कायदा झाला. १८५७ नंतर इंग्रज घाबरलेला होताच. लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ साली हत्यारबंदीचा कायदा आला. ज्या वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदा झाला त्याच वर्षी हा. बंदुकीबरोबर तलवार, भाला, खंजीर सगळं परवान्याखाली. गोऱ्यांना मात्र सूट. गोऱ्याच्या कमरेला पिस्तूल चालेल, काळ्याच्या घरातली गंजलेली तलवार चालणार नाही. काँग्रेसवाल्यांना ह्याचा फार राग आला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्यावर ठराव झाला. देश नामर्द केला, अशी भाषा पुढं कितीतरी वर्षं चालली. राग खरा होता, मला त्यांची चेष्टा करायची नाही. फक्त एवढंच, की ज्या लोकांना हजार वर्षं शस्त्र धरू दिलं नव्हतं त्यांच्या नामर्दपणाबद्दल ह्यातल्या एकाही ठरावात ओळ नाही. इंग्रजाने सवर्णांना १८७८ साली जे केलं ते सवर्णांनी आपल्याला आधीच करून ठेवलं होतं, तेही परवाना न ठेवता.

बाबासाहेबांनी हे १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये उघड मांडलं. दुसऱ्या देशांत सामाजिक क्रांत्या झाल्या, हिंदुस्थानात का झाली नाही? चातुर्वर्ण्याने खालच्या माणसाला शिक्षणही नाकारलं आणि शस्त्रही, त्यामुळे बंड करायचं साधनच त्याच्याकडे उरलं नाही, असं त्यांचं उत्तर आहे. हे प्रकरण आपण परत परत वाचलं पाहिजे.

आणि हेच बाबासाहेब १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत काय करतात? ह. वि. कामत यांनी उपसूचना आणली की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने हा हक्क मागितलेला होता. बाबासाहेबांनी विरोध केला. समाजाला ज्यांचा धोका आहे त्यांनाही हा हक्क द्यायचा का, असा त्यांचा रोख होता. उपसूचना पडली. घटनेत आलं ते कलम १९ मधलं, शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा हक्क. आणि कलम २५ खाली एक स्पष्टीकरण, की कृपाण धारण करणं हे शीख धर्माच्या आचरणात धरलं जाईल. त्या कृपाणासाठी शिखांनी इंग्रजाच्या राज्यात तुरुंग भोगला होता, फुकट मिळालेलं नाही.

काही पोरं म्हणतात बाबासाहेब इथं मवाळ झाले. मला हे पटत नाही. विचार करा, १९५० साली शस्त्राचा हक्क कागदावर मोकळा झाला असता तर बंदूक कुणी घेतली असती? वाड्यातल्या माणसाने. शंभर एकरवाल्याने. आपल्या माणसाकडे भाकरीला पैसे नव्हते, काडतुसाला कुठून आणणार? महाडला २० मार्च १९२७ रोजी सवर्णांनी डोकी फोडली तेव्हा आपल्यात पेन्शनर सैनिक होते, मारायला येत नव्हतं असं नाही. बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही. त्यांना हिशेब कळत होता.

महाडातच मेलेलं ओढायचं आणि मेलेलं खायचं सोडा असं सांगितलं गेलं. त्यानंतर गावोगाव महारांनी सुरी खाली ठेवली. गावांनी बहिष्कार टाकले, तरी ठेवली. आपण पातं आपल्या हाताने टाकलं, हा पण इतिहास आहे. आणि ज्यांनी टाकलं नाही, पोटासाठी टाकता आलं नाही, त्यांचं काय झालं? गुजरातेत उनाजवळ ११ जुलै २०१६ रोजी मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना धरलं, उनाच्या रस्त्यात गाडीला बांधून उघडं करून मारलं. सोलायचं काम ज्यांच्या हातात, त्यांच्याच पाठीवर वळ.

आता आजच्या कायद्याकडे येतो, कारण तुमच्यातले पुष्कळजण खिशात काही ना काही घेऊन हिंडतात. मी पण हिंडतो. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. (मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचाखात्यात घेत नसत, कारण कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागायचा. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. रिंग खातं हे आपलं जुनं खातं.) रोलरवर सूत गुंडाळलं जातं, ते कापायला लहान चाकू लागतो. पातं माझ्या मधल्या बोटाएवढं. पाळी सुटल्यावर तो खिशातच राहतो. त्यानेच पेरू कापतो, त्यानेच पेन्सिल तासतो.

१९५९ चा शस्त्र कायदा वाचला. त्यात शस्त्र म्हंजे मारायला किंवा बचावाला बनवलेली वस्तू, धारदार हत्यार त्यात आलं. पण निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराची वस्तू, लाठी, साधी फिरायची काठी हे त्यातून वगळलंय. नियमांच्या अनुसूचीत, १९६२ च्या आणि आता २०१६ च्याही, तलवार, गुप्ती, खंजीर यांच्याबरोबर चाकू येतो; माप दिलंय पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. तेही घरचं, शेतीचं, कारखान्याचं अवजार असेल तर नाही. आणि अशा हत्याराला परवान्याची सक्ती कुठं, तर सरकारने अधिसूचना काढून जो भाग जाहीर केलाय तिथं. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने खटक्याच्या, बटणाच्या चाकूचं माप ७.६२ सेंटिमीटरवर आणलं, म्हंजे तीन इंच. तिकडं रामपूरला २०२३ साली भर चौकात वीस फुटी चाकूचा पुतळा उभा केलाय. तो चालतो.

कागदावर म्हटलं तर माझा चाकू ह्यात कुठंच बसत नाही. ऊसतोड्याचा कोयता पण बसत नाही, पातं मोठं असलं तरी. तिथं तर नवराबायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. माणूस राहिलाच नाही, हत्यार मोजतात. तोच कोयता पुण्यात वस्तीतल्या पोराच्या हातात दिसला की पेपरात 'कोयता गँग'. त्या पोरांचं मी समर्थन करत नाही. ती आपल्याच वस्तीतल्या आयाबायांना भीती घालतात. पण शब्द कसा फिरतो ते बघा.

खरा दणका दुसऱ्या कायद्यात आहे. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. कलम ३७ (१). आयुक्ताने किंवा जिल्हाधिकाऱ्याने मनाई आदेश काढला की शस्त्रं, तलवारी, भाले, सुरे, काठ्या, लाठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू जवळ बाळगायला बंदी. इथं नऊ इंच नाही, दोन इंच नाही. आदेश पंधरा दिवसांचा, संपला की नवा. सण आला, जयंती आली, मोर्चा आला की हा आदेश पेपरात बारीक टायपात येतो. मोडला तर कलम १३५, चार महिन्यांपासून वर्षापर्यंत कैद. म्हंजे शस्त्र कायद्यात जी काठी घरगुती आहे ती इथं गुन्हा आहे. आणि कुणाचा खिसा तपासायचा हे नाक्यावरचा शिपाई ठरवतो.

मला एका शहरात रात्रपाळीहून येताना असं थांबवलं. आम्ही दोघं होतो. खिशातून चाकू निघाला दोघांच्याही, कारण दोघंही एकाच खात्यातले. आधी नाव विचारलं, मग आडनाव, मग राहायला कुठं. दुसऱ्याला तिथंच जायला सांगितलं. माझा चाकू टेबलावर दोन तास पडून होता. कुणी पट्टी काढून मोजला नाही.

म्हणून हे पाठ करून ठेवा. मोर्चाला, जयंतीच्या मिरवणुकीला, सभेला जाताना खिसा रिकामा करून जा. कामाचं हत्यार असेल तर पाळीचं ओळखपत्र सोबत ठेवा. धरलंच तर विचारा, मनाई आदेश कुठल्या तारखेचा, दाखवा. पंचनाम्यात पात्याची लांबी रुंदी लिहिली का ते बघा, न लिहिलेल्या मापावर खटले पडलेले आहेत. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १०५ मध्ये जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलंय, त्याची आठवण करून द्या. अटक झाली तर कारण कळण्याचा, वकिलाचा आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं जाण्याचा हक्क घटनेच्या कलम २२ चा आहे. एक केस लहान वाटते. पण अशा नोंदी साठत जातात, मग चॅप्टर केस, मग तडीपारीचा प्रस्ताव. चळवळीतली पोरं वस्तीतून हलवायची ही जुनी वाट आहे.

शेवटी एक कागद, जो फार कमी लोकांनी वाचलाय. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम. नियम ३. जिथं अत्याचार होण्याचा संभव आहे असा भाग सरकारने ओळखायचा. तिथं दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. आणि गरज वाटली तर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना संरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यायचे. सरकारच्याच नियमात हे लिहिलेलं आहे.

मी आपल्या जिल्ह्याच्या कचेरीत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. तीन प्रश्न विचारलेत: १९९५ पासून ह्या नियमाखाली किती सवर्णांचे परवाने रद्द केले, किती दलितांना दिले, आणि ह्याच काळात कलम १३५ खाली किती जणांवर गुन्हे नोंदवले. तुम्ही तुमच्या तुमच्या जिल्ह्यात हाच अर्ज टाका. उत्तरं इकडं पाठवा, पुढच्या अंकात सगळी एकत्र छापू.

जयभीम.