प्राथमिक शाळांतील समुपदेशन : जुन्नर व आंबेगाव तालुके

प्राथमिक शाळेतील मुलाच्या अध्ययनात, वर्तनात किंवा भावनिक जीवनात उद्भवणाऱ्या अडचणी वेळीच ओळखून त्या दूर करण्यासाठी मुलाला, त्याच्या पालकांना व शिक्षकांना पद्धतशीर साहाय्य करणे, ह्यास प्राथमिक स्तरावरील समुपदेशन म्हणतात. उपदेशात सांगणे प्रधान असते, तर समुपदेशनात ऐकणे. सहा ते अकरा वर्षांचे मूल आपले दुःख बहुधा शब्दांत मांडत नाही. ते गैरहजेरी, अबोलपणा, पोटदुखीची तक्रार, अंथरूण ओले होणे, चिडचिड अशा रूपांनी व्यक्त होते. म्हणून ह्या वयोगटात खेळ, चित्रे, हजेरीपट आणि गृहभेट ही साधने संभाषणाइतकीच उपयोगी पडतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांत हे कार्य शिक्षक, मुख्याध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक अशा अनेकांनी केले. परंतु बहुतेक काळ ते दुसऱ्या एखाद्या कामाला जोडलेले राहिले. ह्या विषयाच्या स्थानिक इतिहासातील ही मध्यवर्ती बाब होय.

प्रदेश व समाज : दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांनी व्यापलेला असून कुकडी, मीना व घोड ह्या नद्यांच्या खोऱ्यांत महादेव कोळी, ठाकर व कातकरी ह्या जमातींच्या वाड्यावस्त्या विखुरलेल्या आहेत. भात, नाचणी व वरई ही येथील पिके असून हिरडा गोळा करणे हे उत्पन्नाचे एक महत्त्वाचे साधन आहे. पूर्वेकडील नारायणगाव, ओतूर, मंचर हा भाग बागायती असून तेथे ऊस, कांदा, टोमॅटो व द्राक्षे ही पिके घेतली जातात. ह्या विषमतेमुळे शाळेपुढील प्रश्नही दोन प्रकारचे आहेत. पश्चिमेकडील अनेक मुलांना शिक्षणासाठी घर सोडावे लागते. पूर्वेकडील शाळांत मजुरीसाठी आलेल्या आईवडिलांबरोबर परमुलखातून मुले येतात आणि हंगाम संपताच निघून जातात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आधुनिक मार्गदर्शन चळवळीचा उगम अमेरिकेत झाला. फ्रँक पार्सन्स ह्यांनी १९०८ मध्ये बॉस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र स्थापन केले. तेथील १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियमाने माध्यमिक शाळांतील समुपदेशकांच्या प्रशिक्षणास मोठे अर्थसाहाय्य मिळाले आणि १९६४ च्या दुरुस्तीने ते प्राथमिक शाळांनाही लागू झाले. भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९३८ मध्ये ह्या कार्यास प्रारंभ केला. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्येच बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले होते, तर मुंबई राज्य शासनाने १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र उघडले. ह्या संस्था शहरांत होत्या आणि त्यांचा भर मुख्यतः माध्यमिक विद्यार्थ्यांच्या व्यवसायनिवडीवर होता. कोठारी आयोगाने (१९६४–६६) मात्र मार्गदर्शन प्राथमिक शाळेच्या अगदी खालच्या इयत्तेपासून सुरू व्हावे, अशी शिफारस केली. माध्यमिक स्तरावर दहा शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक असावा, असे आयोगाने सुचविले. परंतु प्राथमिक शाळांची प्रचंड संख्या लक्षात घेऊन तेथे ही जबाबदारी प्रशिक्षित वर्गशिक्षकावरच सोपविली.

शिक्षक हाच आधार : शिक्षकाने मुलाच्या घरची परिस्थिती जाणली पाहिजे, हा विचार महाराष्ट्रात त्याहून जुना आहे. जोतीराव फुले ह्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, असे प्रतिपादन केले. असे शिक्षक लोकांत मिसळू शकतील आणि त्यांच्या गरजा व इच्छा अधिक चांगल्या प्रकारे जाणतील, असे त्यांचे म्हणणे होते. जुन्नर–ओतूर परिसर हे सत्यशोधक चळवळीचे एक महत्त्वाचे क्षेत्र असल्याने येथील शिक्षणाच्या इतिहासात ह्या विचारास विशेष स्थान आहे. स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर प्राथमिक शाळांचा विस्तार डोंगरी वाड्यांपर्यंत झाला. छोट्या वस्तीतील एकशिक्षकी शाळेत अध्यापन, पटनोंदणी, गैरहजर मुलाच्या घरी जाणे, शेतीच्या कामासाठी वा धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मूल घरी ठेवणाऱ्या पालकाची समजूत घालणे, ही सर्व कामे एकाच व्यक्तीकडे होती. ती व्यक्ती गावात राहणारी असली, की मुलाची अडचण शाळेत येण्यापूर्वीच तिला ठाऊक होई. बदली झाली, की हे सारे ज्ञान तिच्याबरोबर जाई. त्याची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती.

आश्रमशाळा : विखुरलेल्या वस्त्यांतील मुलांच्या निवासाची व शिक्षणाची एकत्र सोय करण्याचा उपाय म्हणून शासकीय आश्रमशाळांचा विस्तार १९७० नंतर झाला. १९८३ मध्ये राज्यात स्वतंत्र आदिवासी विकास विभाग स्थापन करण्यात आला. ह्या दोन तालुक्यांतील शासकीय आश्रमशाळांचे प्रशासन घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आहे. आंबेगाव तालुक्यातील गोहे, आसाणे व तेरुंगण, तसेच जुन्नर तालुक्यातील सोनावळे व अजनावळे ही ह्या शाळांची काही ठिकाणे होत.

आश्रमशाळेत पहिल्या इयत्तेपासून मुले दाखल होतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला आई, घर, चुलीजवळची झोपण्याची जागा आणि घरची बोली एकाच दिवशी सुटते. प्रमाण मराठीतील पाठ्यपुस्तक, घंटेवर चालणारा दिनक्रम आणि मोठ्या मुलांबरोबरचा सामाईक निवास ह्यांच्याशी त्याला जुळवून घ्यावे लागते. कातकरी व ठाकर मुलांच्या बाबतीत भाषेचे अंतर अधिक जाणवते. वर्गातील त्यांचा अबोलपणा पुष्कळदा मंदबुद्धीचे लक्षण समजला जातो. सणासुदीच्या सुट्टीनंतर मूल न परतणे, ही घटनाही केवळ शिक्षणाविषयीच्या अनास्थेची खूण मानली गेली. तीमागे घरची ओढ, भीती किंवा मारहाण असू शकते, हे शोधणे समुपदेशनाचे काम होय. वसतिगृहासाठी अधीक्षक व अधीक्षिका ही पदे असली, तरी धान्यसाठा, भोजन, स्वच्छता, आजारपण आणि शिस्त ह्यांचा भार त्यांच्यावरच असतो. जी व्यक्ती शिस्तभंगाबद्दल शिक्षा करू शकते, तिच्यापाशी मूल आपली भीती सहसा उघड करीत नाही. त्यामुळे पालकत्व व समुपदेशन ह्या दोन भूमिका एकत्र केल्याने दुसरी दुर्बळ होते. आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा व सुरक्षिततेचा प्रश्न राज्यात विधिमंडळात व न्यायालयातही चर्चिला गेला आहे. [⟶ आश्रमशाळा].

विस्थापन व स्थलांतर : घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते आंबेगाव बुडाले. कुकडीवरील माणिकडोह धरणानेही जुन्नरच्या पश्चिम भागातील जमिनी पाण्याखाली गेल्या. शेती गेलेली कुटुंबे मजुरीकडे वळली. हंगामी स्थलांतरात मुलापुढे तीन पर्याय उरतात : आईवडिलांबरोबर जाणे, आजीआजोबांकडे राहणे किंवा वसतिगृहात जाणे. पूर्व भागातील साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांची मुले येतात; त्यांचे वर्ष दोन शाळांत विभागले जाते. अशा मुलास नव्या वर्गात सामावून घेणे, मागील शाळेतील प्रगती समजून घेणे आणि त्याला हिणवले जाणार नाही ह्याची काळजी घेणे, ही कामे पटनोंदणीने आपोआप होत नाहीत.

माळीण दुर्घटना : ३० जुलै २०१४ रोजी सकाळी शाळा भरण्यापूर्वी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळून १५१ जण मृत्युमुखी पडले. घरे गाडली गेली. प्राथमिक शाळेची इमारत मात्र शाबूत राहिली. गावाचे पुनर्वसन जवळच आमडे येथे करण्यात येऊन २०१७ मध्ये नवी घरे ग्रामस्थांच्या स्वाधीन करण्यात आली. आपत्तीनंतर घर, रस्ता व पाणी ह्यांची मोजदाद होऊ शकते. वर्गातील रिकाम्या जागांकडे पाहणाऱ्या मुलाच्या मनाची होत नाही. पाऊस सुरू होताच भीती वाटणे, झोप न लागणे, धोका टळल्यावरही घर सोडण्यास नकार देणे ह्या प्रतिक्रिया आपद्ग्रस्त बालकांत महिनोन्‌महिने टिकू शकतात. तातडीचे मदतपथक तितका काळ थांबत नाही. मुलाबरोबर रोज असणारी संस्था शाळाच असते.

कायदा व धोरण : १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्यांस मनाई केली आणि शाळा व्यवस्थापन समित्यांत पालकांना बहुमत दिले. त्याच्या अनुसूचीत विद्यार्थिसंख्येनुसार शिक्षक, मुख्याध्यापक आणि उच्च प्राथमिक स्तरावर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण ह्यांचे अंशकालीन निदेशक ह्यांची तरतूद आहे. समुपदेशकाचा उल्लेख नाही. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाने अपराधाची माहिती असणाऱ्यावर ती कळविण्याचे बंधन घातले. त्यामुळे मुलाचे बोलणे ऐकून घेणाऱ्या शिक्षकाची जबाबदारी वाढली. २०२० च्या साथीत शाळा बंद होऊन आश्रमशाळांतील मुले घरी परतली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळांशी समुपदेशक व समाजकार्यकर्ते जोडण्याचा पुरस्कार केला.

मूल्यमापन : प्रत्येक लहान शाळेस स्वतंत्र समुपदेशक देणे डोंगरी भागात व्यवहार्य नाही. कोठारी आयोगाने माध्यमिक शाळांसाठी सुचविलेली फिरत्या समुपदेशकाची कल्पना ह्या भूप्रदेशातील प्राथमिक शाळांच्या गटांना व आश्रमशाळांना अधिक लागू पडते. अशा व्यक्तीस स्थानिक बोलीचे ज्ञान हवे, वाडीपर्यंत जाण्याची तयारी हवी आणि शिक्षा करण्याचा अधिकार नसावा. मुलाने सांगितलेली गोष्ट गुप्त राखणे व त्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक तेवढी योग्य ठिकाणी कळविणे, ह्यांतील मर्यादाही तिला स्पष्ट ठाऊक असावी. शिक्षकाचे स्थान तिच्यामुळे कमी होत नाही. हजेरीपटावरील पहिली खूण तोच पाहतो. तथापि त्या खुणेचा अर्थ लावण्यास वेळ व प्रशिक्षण असलेला माणूस त्याच्या पाठीशी नसेल, तर गैरहजेरीची नोंद होते आणि मूल मात्र शाळेबाहेरच राहते. [⟶ प्राथमिक शिक्षण].