राजाच्या पोटातले गळू

कच्चे गळू फोडू नये आणि पिकलेले ठेवू नये, हे पोटीस बांधणाऱ्या आजीबाईही सांगत. सुश्रुताने तर कच्चे कापणारा आणि पिकलेले तसेच सोडणारा, या दोघांनाही सारखेच दोषी धरले आहे. पण गळू पोटाच्या आत असेल, तर ते पिकले हे ओळखावे कसे? १९०२ साली लंडनला हा प्रश्न एका राजाच्या बिछान्यापाशी उभा राहिला.

सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. देशोदेशीचे पाहुणे निघाले होते. आपले करवीरचे शाहू छत्रपतीही त्यासाठीच विलायतेस गेले होते. ऐन अशा वेळी राजाला आंत्रपुच्छाचा दाह झाला. मध्ये उतार पडला, पण ताप पुन्हा चढला. शल्यवैद्य सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज हे मूळचे थांबण्याच्या मताचे. दाह निवल्यावर शस्त्र चालवावे, असे ते सांगत. परंतु दोनच वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची तरुण मुलगी याच रोगाने दगावली होती. थांबण्याची किंमत त्यांनी मोजलेली होती.

ॲबीत जायचेच, हा राजाचा हट्ट. तरीही वयोवृद्ध लिस्टर यांचा सल्ला घेऊन २४ जूनला ट्रीव्ह्ज यांनी बकिंगहॅम राजवाड्यातच शस्त्रक्रिया केली. गळू उघडले, पू काढला, तो वाहता राहावा म्हणून नळ्या ठेवल्या. आंत्रपुच्छाला मात्र हात लावला नाही. मला या हकिकतीचे मर्म येथेच दिसते. प्रतिजैविके तेव्हा नव्हती. मूळ खणून काढण्याच्या मोहाने पू पोटभर पसरला असता, तर सारेच संपले असते.

दुसऱ्या दिवशी राजा बिछान्यात बसून सिगार ओढीत होता! पुढे जखम हळूहळू भरत आली आणि ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला.

आज सोनोग्राफीत आतले गळू दिसते. पुष्कळदा सुईच्या वाटेने बारीक नळी घालून पू काढता येतो. साधने बदलली, माणसाचा स्वभाव तोच आहे. राजाही समारंभापायी दुखणे रेटू पाहत होता. आपल्या घरांतही 'दिवाळी होऊन जाऊ दे' म्हणत पोटातली कळ दाबून फराळाच्या कढईपाशी बसणारे कोणीतरी असतेच. त्यांना उठवून डॉक्टरांकडे न्यावे. राज्याभिषेक थांबला, मग चकल्या का थांबणार नाहीत?