मूळ, नक्कल आणि नोंद

आमचा व्यवसाय कारकुनाचा. मूळ कागद आणि त्याची सत्यप्रत यांतील भेद सांभाळण्यात आमची दहाबारा वर्षे सरकारी दप्तरात गेली. सत्यप्रतीला आमच्या लेखी कमीपणा मुळीच नाही. तिच्या आधारावर माणसाला नोकरी मिळते, निवृत्तिवेतन मंजूर होते. मात्र तिच्यावर तसा शिक्का आणि जबाबदार अधिकाऱ्याची सही हवी. शिक्क्यावाचून एखादी नक्कल मूळ म्हणून फाइलीत शिरली, की तिला नक्कल म्हणत नाहीत, बनावट म्हणतात. दप्तरातला हा कोरडा नियम जुन्या मोटारींच्या इतिहासालाही लागू पडतो, हे आम्हांला दिल्लीतील मोटारींच्या एका मेळाव्यात उमगले.

'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ साली हा मेळावा सुरू केला. आमच्यासारखा बसने प्रवास करणारा माणूस तेथे केवळ बघ्या. एका गाडीपाशी दोघांचा वाद चालला होता. गाडीचे पुढचे दिवे नव्या घडणीचे आहेत, सबब ती खरी नव्हे, असे एक शौकीन गृहस्थ म्हणत होते. तर म्हातारा मिस्त्री त्यांना बजावत होता, की दिवे बदलले, गाडी तीच आहे. मग आमच्या मनात आले, की दिवे बदलून गाडी तीच राहत असेल, तर इंजिन बदलल्यावर? सांगाडा बदलल्यावर? 'तीच' हा शब्द नेमका कोठे संपतो?

हा प्रश्न इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे १९९० साली प्रत्यक्ष उभा राहिला होता. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी बेंटली 'स्पीड सिक्स' मोटार फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली होती. दोन्ही खेपांना वुल्फ बार्नाटो चालकांपैकी एक होता. पहिल्या वर्षी त्याच्या जोडीला टिम बर्किन होता, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. शर्यतीची गाडी म्हणजे काही देव्हाऱ्यातील मूर्ती नव्हे. प्रत्येक हंगामात तिचे भाग झिजत, मोडत आणि बदलले जात. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसविले गेले आणि त्याच वर्षी ब्रुकलंड्सच्या शर्यतीत झालेल्या अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. नंतर बार्नाटोने तीच गाडी नव्या रूपात पुन्हा उभी करवून घेतली.

पुढे जवळजवळ साठ वर्षांनी ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. पण ही ती गाडीच नव्हे, असे म्हणून खरेदीदार मागे सरला. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. १९३० साली जिंकलेल्या गाडीतील पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा स्तंभ एवढेच काय ते उरले असणे शक्य होते. १९२९ च्या गाडीचे तर किरकोळ जोडभागांपलीकडे काही दाखविता येत नव्हते. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' अशीच स्थिती म्हणा ना!

न्यायमूर्ती ऑटन यांनी मात्र निकाल गाडीच्या बाजूने दिला. बदल हळूहळू होत गेले, प्रत्येक नवा भाग त्या देहात मुरला, गाडी कधी मोडीत निघाली नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. विकली गेली ती नुसती धातूची वस्तू नव्हती, तिचा इतिहास आणि लौकिकही होता, असा त्यांच्या निकालाचा आशय आहे.

भारतीय मनाला यात फारसे नवल वाटू नये. पुरीला जगन्नाथाचा नवकलेवर सोहळा होतो. १९९६ आणि २०१५ साली तो झाला. दारुमूर्ती सबंध बदलतात, पण जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत विधिपूर्वक ठेवला जातो आणि भाविकाचा देव तोच राहतो. नवे लाकूड आले हे तेथे कोणी लपवीत नाही. उलट त्याचाच उत्सव होतो.

मग जुन्या गाडीच्या मालकाने सुटा भाग निवडावा तरी कसा? काश्मिरी दरवाजाच्या बाजारात चौकशी करता आम्हांला कळले, की 'मूळ' हा शब्द सर्वच भागांना सारखा मानवत नाही. रबर वापरले नाही तरी म्हातारे होतेच. कारखान्याच्या डब्यात चाळीस वर्षे पडून राहिलेली ब्रेकची नळी अस्सल खरी, पण तिच्यावर प्राण सोपविणे हा शहाणपणा नव्हे. तीच गोष्ट टायरांची आणि तारांवरील वेष्टनाची. येथे नवी घडणच हितावह. याउलट गिअरबॉक्सचे कवच, दरवाजाचा पत्रा, यंत्रफलकावरील घड्याळ हे भाग दुरुस्तीने जगतात. ते चकचकीत दिसावेत म्हणून फेकून देणे म्हणजे इतिहासाची पाने फाडणे होय.

या दोहोंमध्ये एक तिसरी जातही आहे. १९८८ पासून 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' ही संस्था 'एमजीबी' गाडीचे सांगाडे कारखान्याच्या जुन्याच साच्यांवर पुन्हा घडवू लागली. साचा मूळ, पत्रा नवा! त्याला नक्कल म्हणावे की उशिरा जन्मलेले भावंड?

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तूरिन सनद स्वीकारली, तिचा आदर्श वास्तुजतनासंबंधीची १९६४ ची व्हेनिस सनद हा होता. भर घालणे हे पाप नाही. परंतु भर कोणती आणि मूळ कोणते हे पुढच्या पिढीला कळले पाहिजे, हे या विचारसरणीचे सूत्र. आमच्या कचेरीचा शिक्का याहून वेगळे काय सांगतो?

म्हणून शौकीन गृहस्थ आणि म्हातारा मिस्त्री या दोघांपैकी आम्ही मिस्त्रीच्या बाजूचे; पण एका अटीवर. दिवे बदलल्याची तारीख आणि कारण त्याने वहीत टिपून ठेवावे आणि उतरवलेले जुने दिवे कापडात गुंडाळून सांभाळावेत. लोखंड आज ना उद्या गंजणारच. उद्या त्या गाडीची ओळख पटवायची वेळ आली, तर तिच्या बाजूने साक्ष देणार आहे ती ही वहीच.